सहा किलोमीटर, पाच मुली आणि एक नवरा

१ सप्टेंबर

प्राचार्यांनी बोलावून खुर्ची दिली तेव्हाच मला समजायला हवं होतं. सतरा वर्षांत त्यांनी मला, आजची धरून, दोनदाच खुर्ची दिली आणि दोन्ही वेळा उठताना माझ्या गळ्यात काहीतरी नवीन पडलेलं होतं.

"मॅडम, मुलींची क्रॉसकंट्री टीम यंदा तुम्ही घ्या."

मी म्हटलं, सर, मी स्टॅटिस्टिक्स शिकवते.

"म्हणूनच. पळणं म्हणजे शेवटी काय, आकडेच. किती अंतर, किती वेळ."

या न्यायाने लग्न म्हणजेही आकडेच, पण मी गप्प बसले. खेळाचे सर दुसऱ्या कॉलेजात गेलेत आणि जाताना स्टॉपवॉचही घेऊन गेलेत. क्रॉसकंट्री म्हणजे मैदानावर गोल गोल नव्हे, तर माळ, चढ, दगड, चिखल यांतून सहा किलोमीटर पळायचं, हेही मला प्राचार्यांनीच समजावलं. सहा डिसेंबरला सगळ्या कॉलेजांची शर्यत आहे. प्रत्येक कॉलेजच्या पाच मुली पळतात. त्यातल्या पहिल्या चौघींच्या क्रमांकांची बेरीज करायची. ज्यांची बेरीज कमी, ते वर. गेल्या वर्षी आमच्या चार मुली शेवटपर्यंत पोचल्याच नाहीत, त्यामुळे बेरीज करायचा त्रास वाचला. यंदा पहिल्या दहांत आलो नाही तर टीम बंद आणि मागच्या मैदानावर स्कूटरचं पार्किंग.

मी शेवटची पळाले ती बसच्या मागे. बस जिंकली.

घरी आले तर नवरा सोफ्यावर शब्दकोडं सोडवत होता. जानेवारीत त्याच्या कंपनीने त्याचं अख्खं खातं बंद केलं, प्रत्येकाला एकेक गुच्छ दिला आणि घरी पाठवलं. गुच्छ चार दिवसांत वाळला. हा सोफ्यावर आहे तो आहेच. (तोंडावर 'अहो', वहीत 'तो'. वही त्यासाठीच असते.)

"अहो, तुम्ही कॉलेजात असताना पळायचात ना?"

"पळायचो."

"मग?"

"मग काय. छत्तीस वर्षं झाली."

आणि पुन्हा कोड्यात डोकं. विषय संपला. आमच्याकडे हल्ली विषय असेच संपतात.

३ सप्टेंबर

टीम पाहिली. देव त्यांचं भलं करो आणि माझंही.

एकूण पाच नग. नावं मी हजेरीपत्रकात लिहिली, पण त्या एकमेकींना त्या नावांनी हाक मारत नाहीत, त्यामुळे मीही सोडून दिलं. सगळ्यात उंच आणि वेगवान ती जिराफ. पळतानाही तोंड चालू असतं ती रेडिओ. अजिबात बोलत नाही ती कुलूप. चौथी लेटमार्क, ती आली तेव्हा ओळखपरेड संपली होती. पाचवी आजीबाई, वय एकोणीस. तिचे गुडघे दुखतात, कंबर धरते, ऊन लागतं, सावलीत थंडी वाजते.

मैदानामागे टेकाडाला वळसा घालून दीड किलोमीटरची फेरी आहे, वाटेत चुना मारलेले दगड आहेत. चार फेऱ्या म्हणजे सहा किलोमीटर. मी शिट्टी वाजवली. शिट्टीतून नुसतीच हवा आली, पण मुली समजूतदारपणे पळाल्या. आजीबाई दुसऱ्या फेरीत एका दगडावर बसली ती उठेचना. मी चालत तिच्यापर्यंत गेले, मलाही धाप लागली, म्हणून मीही बसले.

"मॅडम," ती म्हणाली, "मला टीममध्ये का घेतलंय माहितीये? पाच मुली लागतात म्हणून."

मी म्हटलं, "मलाही तसंच घेतलंय."

१० सप्टेंबर

सराव रोज दुपारी साडेचारला ठेवलाय. सकाळी उठून पळायला लावणारे कोच असतात म्हणे. असोत.

खेळाच्या सामानाच्या खोलीत भिंतभर तक्ता लावला. प्रत्येकीचा वेगळा रंग, रोजची वेळ, सात दिवसांची सरासरी. सरावानंतर प्रत्येकीला दोन केळी. मुली तक्त्यासमोर उभ्या राहून आपापला रंग शोधतात. आजीबाईचा रंग जांभळा. तो इतरांपासून इतका वर आहे की मला कागद चिकटवून भिंत वाढवावी लागली.

घरची बातमी: नवरा दूध आणायला जायला लागलाय. सकाळी साडेपाचला उठतो, बाहेर पडतो, सातनंतर येतो. दुकान कोपऱ्यावर आहे. मी विचारलं एवढा वेळ कसा लागतो, तर म्हणाला, "चालत जातो." कोपऱ्यापर्यंत चालायला दीड तास लागत असेल तर डॉक्टरला दाखवायला हवं. बॉटनीची मॅडम म्हणाली, लक्ष ठेव हं. मी तिला म्हटलं, अगं, लफडं करायचं तरी माणसाला आधी सोफ्यावरून उठावं लागतं.

२२ सप्टेंबर

सुधारणा आहे. माझा माझ्यावरच विश्वास बसत नाहीये. बारा दिवसांत जिराफ पावणेदोन मिनिटांनी खाली आली, कुलूप दोन मिनिटांनी. आजीबाई चारही फेऱ्या पूर्ण करते. मला पळण्यातलं काही कळत नाही, तरी आकडे खाली येतायत. म्हणजे पद्धत बरोबर आहे. कळणाऱ्यांना इतकी वर्षं का जमलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

आज रेडिओ चढ उतरून आली ती बोलतच. "मॅडम, काका म्हणतात ना की चढावर पावलं लहान टाकायची, तसं केलं तर खरंच दम लागत नाही."

"कोण काका?"

ती गप्प. रेडिओ बंद पडलेला मी प्रथमच पाहिला. चौघी जमिनीकडे बघायला लागल्या. शेवटी कुलूप म्हणाली, "माझे काका."

"कुठे असतात ते?"

"लांब."

तीन आठवड्यांत कुलूप पहिल्यांदाच बोलली. मी ते तक्त्याखाली लिहून ठेवलं: आत्मविश्वासात वाढ.

५ ऑक्टोबर

नवऱ्याची भूक वाढलीय. सकाळी दोन अंडी, वर आणखी एक. बुटांना चिखल होता. मी म्हटलं, दुधाचं दुकान शेतात हलवलं का? तो म्हणाला, "पाइप फुटलाय रस्त्यावर." असेल.

जेवताना मी नेहमीसारखी एकटीच बोलत होते. मध्येच त्याने विचारलं, "जिराफची नडगी कशी आहे?"

मी थांबले. आज दुपारीच जिराफ नडगी चोळत होती, पण ते मी त्याला कधी सांगितलं ते आठवेना. बहुतेक घरी आल्या आल्या बोलले असेन. मी घरी किती बोलते आणि तो किती ऐकतो, याचा मला पत्ताच नव्हता. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी तिला जास्त पळायला सांगितलंय. सवय झाली की जाईल."

तो काहीतरी बोलणार होता, पण पाणी प्यायला.

१४ ऑक्टोबर

प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. तिसऱ्यांदा खुर्ची. डिसेंबरनंतरच्या चर्चासत्रात मी 'क्रीडाप्रशिक्षणात सांख्यिकी' या विषयावर निबंध वाचायचा आहे. मी आधी नाही म्हटलं, मग लगेच हो म्हटलं. भूगोलाच्या सरांनी विचारलं, मॅडम, नेमकी पद्धत काय? मी वीस मिनिटं बोलले. मध्ये दोघे उठून गेले, पण त्यांचे तास असतील.

केळ्यांचाही उल्लेख केला.

२० ऑक्टोबर

काही नाही. जिराफ थोडी लंगडते. निबंधाची पहिली आठ पानं झाली.

२ नोव्हेंबर

हे लिहू की नको असं दिवसभर चाललंय. पण ही वही मीच वाचते, तेव्हा लाज कुणाची.

निबंधासाठी आकडे पुन्हा तपासत होते. सुधारणा फारच जास्त आहे. प्रमाण विचलन काढलं, तर केळी आणि तक्ता यांनी एवढा फरक पडणं शक्यच नाही. मी म्हटलं, फेरीच कमी भरत असणार. कुणीतरी चुन्याचे दगड आत सरकवलेत. म्हणून आज नवरा दुधाला गेल्यावर मीही उठले, शंभर फुटी टेप घेतली आणि फेरी मोजायला मैदानावर गेले. एकटीने टेपने दीड किलोमीटर मोजायला निघाले होते, हे आता लिहिताना कळतंय.

पावणेसहा वाजले असतील. टेकाडावर कुणीतरी पळत होतं. एक, दोन, तीन, चार. लेटमार्कसुद्धा वेळेवर. सगळ्यात मागे आजीबाई, आणि तिच्या शेजारून माझा नवरा.

मी पाण्याच्या टाकीमागे लपले. का, विचारू नये. पन्नाशीला आलेली बाई, कॉलेजची कोच, आपल्याच टीमपासून आणि आपल्याच नवऱ्यापासून लपून ओल्या गवतात बसली होती.

तो जुन्या पँटमध्ये पळत होता. चांगला पळतो. म्हणजे खरंच चांगला. त्याच्या पायांचा आवाजच येत नाही. आजीबाई धापा टाकत काहीतरी म्हणाली आणि तो हसला. मान मागे टाकून हसला. जानेवारीपासून मी त्याचे दात पाहिले नव्हते. मग त्याने जिराफला थांबवून खाली बसवलं, तिची नडगी दाबून पाहिली आणि मान हलवली. मग कुलुपाला हाताने दाखवलं, कोपर असं नाही, असं.

मी त्याच्या आधी घरी पोचले, कपडे बदलले, चहा टाकला. तो सातला आला, दुधाची पिशवी ओट्यावर ठेवली.

"आज दुकानात गर्दी होती."

"हो का," मी म्हटलं.

आधी राग आला. पाच मुली आणि एक नवरा मिळून दोन महिने मला वेडी बनवतायत. मग निबंधाची आठ पानं आठवली आणि अंगावर काटा आला. आणि त्यानंतर जे वाटलं त्याला नाव नाही, निदान माझ्या विषयात नाही.

३ नोव्हेंबर

लेटमार्क दुपारी पंधरा मिनिटं उशिरा आली. शिक्षा म्हणून तिला मागे थांबवलं आणि सामानाच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"सकाळी वेळेवर येतेस, मग दुपारी काय होतं?"

तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिने सगळं सांगितलं. सुरुवातीला त्या पाचजणी स्वतःहूनच सकाळी यायच्या, कारण दुपारी माझ्यासमोर पळायची लाज वाटायची. एक माणूस कुंपणापाशी तीन दिवस नुसता उभा राहायचा. चौथ्या दिवशी आजीबाईने जाऊन विचारलं, काका, टीममध्ये तुमची मुलगी आहे का?

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, नाही, बायको आहे."

मी केळ्यांची पिशवी उगाच इकडची तिकडे ठेवली.

"आणि मला सांगायचं नाही, हे कुणी ठरवलं?"

"त्यांनीच, मॅडम. म्हणाले, जमलं तर सांगू. नाही जमलं तर तिला एवढंच माहीत असू दे की मी दूध आणायला जायचो."

मी तिला सांगितलं, मला कळलंय हे कुणाला बोलायचं नाही, त्यांनाही नाही. ती म्हणाली, "मॅडम, मला आता कुणाला काय सांगायचं नाही ते लक्षात राहत नाहीये."

घरी आल्यावर बोलणार होते. तो कोडं सोडवत होता. टेबलावर गजराचं घड्याळ होतं, पाच वीसवर लावलेलं. हा माणूस दहा महिन्यांनी कशासाठी तरी गजर लावतोय. मी 'मला कळलं' म्हटलं आणि तो पुन्हा सोफ्यावर जाऊन बसला तर? शक्यता किती ते माहीत नाही. मला हा प्रयोग करायचा नाही.

४ नोव्हेंबर

काल दुसरी गोष्ट सुचली आणि झोप उडाली. मुली सकाळी त्याच्यासाठी सहा किलोमीटर पळतात आणि दुपारी माझ्यासाठी आणखी सहा. वर मी जिराफला जास्त पळायला सांगितलं.

आजपासून दुपारचं पळणं बंद. मुलींना सांगितलं, आता थिअरी. सामानाच्या खोलीत चटया टाकल्या, सगळ्यांना पाय भिंतीला टेकवून आडवं झोपवलं आणि मी त्यांना संभाव्यता शिकवली. पाच मिनिटांत चौघी घोरायला लागल्या. वर्गातही असंच होतं, पण इथे तो हेतू होता.

निबंध मागे घेते असं प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, एवढा विनय बरा नाही.

१० नोव्हेंबर

उशीर झाला. जिराफच्या नडगीच्या हाडाला केसाएवढी चीर गेलीय. डॉक्टर म्हणाल्या, सहा आठवडे पळणं बंद. त्यांनी मला बाहेर नेऊन विचारलं, ही दिवसाला किती पळत होती? मी म्हटलं, बारा. "कुणी सांगितलं होतं?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी. आत तपासणीच्या खोलीत जिराफ माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईला फोन मीच केला. बरंच ऐकून घेतलं, आणि सगळं बरोबर होतं.

जेवताना त्याला सांगितलं. "जिराफ पळणार नाही."

"किती दिवस?"

"सहा आठवडे."

त्याने चमचा खाली ठेवला. मला सांगायचं होतं की चूक माझी आहे. पण ते सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. त्याच्याही ओठावर काहीतरी होतं. दोघंही अन्न चिवडत बसलो.

"मग चौथी कोण?" तो म्हणाला. "आजीबाई."

"हो. आजीबाईला पोचावंच लागेल."

"पोचेल," तो म्हणाला. "शेवटचा चढ तिला जड जातो, पण पोचेल."

मी म्हटलं, हो, मलाही तसंच वाटतं. त्याला काही संशय आला नाही, हे नशीब.

२१ नोव्हेंबर

पाय भिंतीला लावून झोपण्याचा तास फार लोकप्रिय झालाय. जिराफ पायात पट्टा बांधून येते आणि माझ्याऐवजी वेळा नोंदवते. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मॅडम, किती दुखत होतं ते मी दोघांनाही सांगितलं नाही." मग 'दोघांनाही' हा शब्द तिच्या लक्षात आला आणि ती खोकायला लागली. मी तिला पाणी दिलं.

६ डिसेंबर

संध्याकाळ. पाय सुजलेत, पण लिहायलाच हवं.

सकाळी नवऱ्याला म्हटलं, पाण्याच्या बाटल्यांची पिशवी जड आहे, याल का? तो माझं वाक्य संपायच्या आत बूट घालायला लागला.

शर्यत गावाबाहेरच्या माळावर होती. तेवीस कॉलेजं. इतर कोच बघून मला घरी जावंसं वाटलं. सगळे गळ्यात शिट्ट्या लटकवून पोटऱ्या दाखवत फिरत होते. मला एक पिवळा बिल्ला मिळाला, त्यावर 'प्रशिक्षक' असं लिहिलेलं. दोन किलोमीटरच्या तीन फेऱ्या, वाटेच्या दोन्ही बाजूंना दोर बांधलेले. दोराच्या आत प्रत्येक कॉलेजचा एकच माणूस, तोही बिल्ला असलेला. खेळाडूला हात लावला तर खेळाडू बाद.

सुरुवातीच्या रेषेवर मुली उभ्या राहिल्या. लेटमार्कच्या बुटाची लेस लोंबत होती. मी ओरडले, लेस बांध. ती खाली वाकली आणि बंदूक वाजली. शंभरावर मुली तिच्या अंगावरून गेल्या. ती उठून पळाली तेव्हा सगळ्यांच्या मागे होती. वाकलेल्या मुलीचं नाव लेटमार्क आहे हे त्या बंदूकवाल्याला माहीत असावं.

मी वळले. नवरा दोराबाहेर पिशवी धरून उभा होता आणि टेकडीकडे बघत होता. त्याच्या गालाचा स्नायू उडत होता. मी बिल्ला काढला आणि त्याच्या गळ्यात घातला.

"हे काय?"

"एकालाच सोडतात आत."

"अगं, पण प्रशिक्षक तू आहेस."

"मला चढ चढवत नाही. आणि आजीबाईला शेवटच्या चढावर बोलायला कुणीतरी लागेल. तिला तुमची सवय आहे."

त्याने बिल्ला उलटसुलट करून पाहिला. "तुला केव्हा कळलं?"

"दोन नोव्हेंबरला."

"मलाही," तो म्हणाला.

"काय तुम्हालाही?"

"तुला कळलंय हे. टाकीच्या मागून तीन फूट टेप बाहेर आली होती. पिवळी." आणि पिशवी माझ्या हातात देऊन तो दोराखालून वाकून गेला, आणि टेकडीच्या दिशेने पळत सुटला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस.

म्हणजे महिनाभर मी त्याच्यापासून लपवत होते की मला माहीत आहे, आणि तो माझ्यापासून लपवत होता की त्याला ते माहीत आहे. अशी माणसं मतदान करतात.

मी आणि जिराफ शेवटच्या रेषेपाशी उभ्या राहिलो. रेडिओ आली, एकोणतिसावी, आणि पडता पडता म्हणाली, मॅडम, ती निळ्या कपड्यांतली मुलगी कोपर मारत होती. कुलूप छत्तिसावी, तिने फक्त अंगठा दाखवला. लेटमार्क सगळ्यात मागून निघून अठ्ठावन्नावी आली. मग मुली येत राहिल्या आणि त्यात आजीबाई नव्हती. सत्तर. ऐंशी. नव्वद. जिराफने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की अजून वळ आहे.

मग ती टेकडीच्या टोकावर दिसली. कंबर धरलेली, चेहरा टोमॅटोसारखा, पावलं लहान लहान. उतारावर तिने तीन जणींना मागे टाकलं. चौऱ्याण्णव. रेषा ओलांडून ती थेट माझ्या अंगावर कोसळली आणि आम्ही दोघीही पडलो.

नंतर पाणी पिताना तिने सांगितलं, चढावर ती बसली होती. दगडावर. संपलं म्हणाली होती. "काका समोर येऊन जमिनीवरच बसले, मॅडम. मी म्हटलं, मला उठवा. ते म्हणाले, मला हात लावायची परवानगी नाही. बसलीस त्यात काही वाईट नाही, मीही खूप दिवस बसलो होतो. पण उठायचं काम आपलं आपल्यालाच करावं लागतं, दुसरा फार तर समोर येऊन बसतो."

"कुठे बसले होते इतके दिवस?" रेडिओने विचारलं.

आजीबाईला माहीत नव्हतं. मी म्हटलं, असेल कुठेतरी. ऑफिसात वगैरे.

फलक लागला. आमची बेरीज दोनशे सतरा. दहाव्या कॉलेजची दोनशे तेरा. आम्ही अकरावे.

परतीच्या गाडीत मी केळी वाटली. मग आजीबाई म्हणाली, "पण आपली बेरीज तर झाली." आणि झोपली.

८ डिसेंबर

प्राचार्यांना सगळं सांगितलं. तक्ता, केळी, दूध, नडगी, सगळं. निबंध आता खरोखरच मागे घेते म्हटलं. ते खिडकीतून मैदानाकडे बघत होते.

"कितवे आलो?"

"अकरावे. चार गुणांनी हुकलं."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी नव्हतोच, सर."

त्यांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, पार्किंगच्या नकाशावर अजून तीन सह्या व्हायच्या आहेत, त्या वर्षभर होणार नाहीत याची व्यवस्था करता येईल. सही न करणं सोपं असतं. "पण तुमच्या मिस्टरांना मैदानावर यायचं असेल तर फॉर्म भरावा लागेल." आणि कपाटातून 'स्वयंसेवी साहाय्यक प्रशिक्षक' असा चार पानी फॉर्म काढला.

घरी येऊन तो नवऱ्यासमोर ठेवला. त्याने चष्मा लावला, टेबलाशी बसला आणि परीक्षेसारखा भरायला लागला. मी ओट्याशी भाजी परतत होते. वीस मिनिटांनी त्याने तो माझ्याकडे वाचायला दिला. तिसऱ्या पानावर रकाना होता, 'मागील स्पर्धेतील उणिवा व त्यावरील उपाय'. त्यात त्याने लिहिलं होतं: "उणीव: बंदूक वाजायच्या क्षणी मुख्य प्रशिक्षकांनी खेळाडूस लेस बांधण्यासाठी खाली वाकवले. उपाय: मुख्य प्रशिक्षकांनी शांत राहणे."

"हे खोडा," मी म्हटलं.

"खरं आहे ते. तिथेच चार गुण गेले."

"आणि आजीबाई दगडावर बसली ते? ते कुठल्या रकान्यात?"

"चाळीस सेकंद बसली ती."

"एक मिनिट दहा. तिच्या आधीच्या फेऱ्यांच्या सरासरीवरून काढलंय मी."

"सरासरी," तो म्हणाला, शिवी दिल्यासारखं. "समोर मी बसलो होतो की तुझी सरासरी बसली होती?"

"तुम्ही तिला पहिल्या फेरीत इतकं सावकाश पळायला सांगितलंत की ती थंड पडली. मुळात तेच चुकलं."

"तुला पळण्यातलं काय कळतं गं?"

"तुम्हाला आकड्यांतलं काय कळतं?"

तो खुर्चीवरून उठला. हात हलवत स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायला लागला. टेबलावर मीठदाणी म्हणजे लेटमार्क, चमचा म्हणजे टेकडी असं मांडून मला समजावू लागला. मी चमचा हलवला, कारण टेकडी तिथे नव्हतीच. तो ओरडला. मी त्याच्यावर ओरडले. भाजी करपली. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. एका क्षणी तो इतका चिडला की त्याला शब्द सुचेना, आणि त्याचे कान लाल झाले, आणि मला लग्नाआधीचा तो मुलगा आठवला ज्याच्याशी मी पहिल्याच भेटीत वाद घातला होता. कशावरून ते आता आठवत नाही.

जानेवारीनंतर हा माणूस आज पहिल्यांदा माझ्याशी भांडला. दीड तास. मी त्याला जिंकू दिलं नाही.